कोपर बिजागरीचा सांधा असेल, तर तळहात उलटसुलट कसा फिरतो?

विज्ञान शिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. सध्या आठवीच्या वर्गात हाडे आणि सांधे हा भाग सुरू आहे. खांदा आणि खुबा उखळीचे, कोपर आणि गुडघा बिजागरीचे, मान खुंटीची, मनगट आणि घोटा सरकते, अशी वर्गवारी आपण सगळेच शिकलो आणि तीच मुलांना शिकवतो. मुले ती चटकन पाठ करतात आणि परीक्षेत लिहूनही येतात. परंतु परवा एका मुलाने बाकावर हात ठेवून तळहात उताणा केला, मग पालथा केला आणि विचारले, "बाई, दार बिजागरीवर नुसते उघडते आणि मिटते. कोपर तसेच असेल, तर मग हे कुठून फिरले?" मनगट असे उत्तर माझ्या तोंडावर आले होते, पण त्याने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून पुन्हा हात फिरवून दाखवला.

त्यावरून वर्गात प्रश्नांची रांगच लागली. तालमीत जाणाऱ्या एका मुलाचे म्हणणे असे, की गुडघा पिळू नका असे वस्ताद सारखे बजावतात. गुडघा बिजागरीचा असेल तर तो मुळात पिळला जाईलच कसा? एका मुलीने विचारले, की आपण मांडी घालतो तेव्हा पायाचा तळवा वर येतो, तो गुडघा वळल्यामुळेच ना? या मुलांना "पुस्तकात असेच आहे" असे सांगून गप्प करणे मला पटत नाही. शरीररचनेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वर्गात हाडांचा सांगाडा नाही, त्यामुळे मुलांना स्वतःच्या अंगावर तपासून पाहता येईल असे काही सुचवले तर फार उपयोग होईल.

भौतिकोपचार तज्ज्ञ, बेळगाव

बाई, त्या मुलाने मनगट धरून पाहिले, ही अगदी योग्य तपासणी आहे. आमच्या कामात रुग्णाचा सांधा तपासताना आम्हीही हेच करतो : एक जागा पक्की धरायची आणि हालचाल तरीही होते का ते पाहायचे. हालचाल जिथे दिसते तिथेच ती घडते, असे शरीरात फार वेळा नसते. मुलांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीत आहेत.

प्रथम कोपर. बाहेरून एक दिसत असले, तरी कोपरात एकाच आवरणाच्या आत तीन जोड आहेत. दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना हे हाड यांचा जोड खरा बिजागरीचा आहे. हात दुमडणे आणि सरळ करणे एवढेच तो जाणतो आणि ही हालचाल साधारण १४५ अंशांपर्यंत होते. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड दंडाच्या हाडाला टेकते, हा दुसरा जोड. तिसरा जोड रेडियस आणि अल्ना यांचा आपसातला, आणि तो खुंटीचा आहे. रेडियसचे वरचे टोक गोल चकतीसारखे असून एका मजबूत तंतूच्या कड्याने ते अल्नाशी बांधलेले असते. त्या कड्यात ते जागच्या जागी फिरते. असाच एक जोड या दोन हाडांच्या खालच्या टोकांपाशी, मनगटाच्या किंचित वर आहे. हे दोन्ही एकाच वेळी फिरतात, रेडियस अल्नावर आडवे येते आणि त्याच्यासोबत पंजा पालथा होतो. म्हणजे कोपरातील बिजागरी आपल्या जागी शाबूत राहते आणि फिरण्याचे काम तिच्या शेजारचा जोड करतो.

वर्गात हे असे दाखवावे. मुलांना दंड बरगड्यांना चिकटवून कोपर काटकोनात दुमडायला सांगावे आणि मुठीत पेन्सिल उभी धरायला लावावी. आता दुसऱ्या हाताचे बोट कोपराच्या टोकावर ठेवून तिथून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत खाली सरकवावे. त्वचेखाली लगेच हाडाची एक धार लागते, ती अल्ना. बोट त्या धारेवर ठेवूनच मूठ फिरवावी. धार जवळजवळ हलत नाही. नंतर बोट मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला ठेवून तेच करावे, म्हणजे हाड बोटाखालून निघून जाताना स्पष्ट जाणवते. पेन्सिल एका बाजूला आडवी होण्यापासून दुसऱ्या बाजूला आडवी होईपर्यंत सुमारे १६० अंश फिरते. यात एक काळजी घ्यावी : कोपर दुमडलेलेच हवे. हात सरळ ठेवून फिरवला तर खांद्याचे फिरणे त्यात मिसळते, तळहात जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरल्यासारखा दिसतो आणि मुलांचा पुन्हा गोंधळ होतो.

जाता जाता पालकांसाठीही एक गोष्ट लिहितो. साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये वर सांगितलेले तंतूचे कडे रेडियसच्या टोकावर अजून घट्ट बसलेले नसते. जत्रेच्या गर्दीत किंवा बसमध्ये चढताना लहान मुलाला एका हाताने हिसका देऊन उचलले, की हे टोक कड्यातून अर्धवट निसटू शकते. मूल हात अंगालगत लोंबता ठेवते आणि वापरायचे पूर्ण थांबवते. डॉक्टर ते अगदी थोड्या वेळात जागेवर बसवतात, परंतु घरी ओढून पाहू नये. मुलाला उचलायचे असेल तर दोन्ही काखांत हात घालूनच उचलावे.

आता गुडघा. तो बिजागरीचा आहे, पण निव्वळ बिजागरीचा नाही. मुलांना खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात आणि टाच जमिनीवर टेकलेली, असे ठेवून फक्त चवडा आत-बाहेर फिरवायला सांगावे. गुडघ्याच्या वाटीच्या थोडे खाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्यावर बोट ठेवले तर तो चवड्याबरोबर आत-बाहेर सरकताना कळतो. म्हणजे वाकलेल्या गुडघ्यात नडगी थोडी फिरते. आता पाय सरळ ताणून तेच करून पाहावे. चवडा फिरेल, पण वाटी आणि उंचवटा दोन्ही एकत्र फिरतील, कारण आता संपूर्ण पाय खुब्यातून फिरत आहे. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड नडगीवर किंचित आत फिरून घट्ट बसते. त्यामुळेच आपण मांडीच्या स्नायूंना फारसे कष्ट न देता बराच वेळ उभे राहू शकतो. पुन्हा वाकताना गुडघ्याच्या मागचा एक लहान स्नायू हे कुलूप आधी उघडतो.

मांडी घालण्यात मुख्य काम खुब्याचे आहे. मांडीचे हाड खुब्यात वाकते, बाहेरच्या बाजूला पसरते आणि बाहेर फिरते. गुडघा केवळ दुमडतो. तळवा वर दिसतो तो खुबा फिरल्यामुळे. ज्यांचा खुबा आखडलेला असतो ते जबरदस्तीने मांडी घालू लागले, की राहिलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि दुखते गुडघ्यात. असे अनेक रुग्ण गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. त्यांचा खुबा तपासून तो मोकळा करण्याचे व्यायाम दिले, तर त्यातील बऱ्याच जणांना आराम पडतो.

माजी मल्ल, निपाणी परिसर

शिक्षिकाबाईंच्या त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून शाबासकी सांगावी. तालमीत आम्ही पोरांना जोर, बैठका आणि सपाट्या घालायला लावतो, डाव शिकवतो, पण सांध्यांची माहिती क्वचितच देतो. ती द्यायला हवी असे माझे ठाम मत आहे, कारण कुस्ती हा सगळा सांध्यांचाच खेळ आहे.

गुडघ्याबद्दल वर लिहिले आहे त्यात आखाड्यातली बाजू जोडतो. वाकलेल्या गुडघ्यात थोडे फिरणे असते, आणि धोका तिथेच आहे. अंगाचा भार पायावर आहे, पाऊल मातीत रुतले आहे, गुडघा वाकलेला आहे आणि धड एकदम वळले, तर गुडघ्यातील इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या दोन गाद्यांपैकी एखादी दोन हाडांच्या मध्ये चिरडून फाटते. कधी आतला आडवातिडवा जाणारा बंध तुटतो, तेव्हा "खट्" असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजून टम्म होतो. कबड्डीत आणि खो-खोत दिशा बदलताना हीच दुखापत होते. त्या दिवशी चोळणे, शेक देणे किंवा ओढून पाहणे यातले काहीही करू नये. थंड पट्टी ठेवावी, पाय उंच ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. चार दिवसांनी सूज उतरली म्हणून पोरगे पुन्हा मातीत उतरते, गुडघा पुन्हा निसटतो आणि शाबूत राहिलेली गादीही जाते. हे मी फार जवळून पाहिले आहे.

खांद्याविषयी थोडे अधिक लिहितो. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे असे आपण म्हणतो, पण दोघांची ठेवण फार वेगळी आहे. खुब्याची उखळ खोल असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात निम्म्याहून अधिक बुडालेला असतो. खांद्याची खाच मात्र उथळ बशीत चेंडू ठेवावा तशी आहे. कोणत्याही क्षणी दंडाच्या गोळ्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच तिला टेकलेला असतो. त्यामुळेच खांदा शरीरातील सर्वांत जास्त फिरणारा सांधा आहे, आणि त्यामुळेच तो सर्वांत जास्त निखळतोही. त्याला जागेवर धरतात ते मुख्यतः भोवतालचे चार लहान स्नायू. आमची पोरे छाती आणि दंड पिळदार दिसावेत म्हणून राबतात, परंतु खांद्याच्या पाठीमागच्या या लहान स्नायूंकडे कोणी पाहत नाही.

प्रतिस्पर्ध्याने हात बाहेरच्या बाजूला उचलून मागे पिळला, की खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो. गावात अजूनही पोराला थेट हाडवैद्याकडे नेण्याची रीत आहे. जुन्या माणसांच्या हाताला गुण होता हे मी नाकारत नाही, परंतु हाड मोडले आहे की नुसते निखळले आहे हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. खांद्याच्या बाहेरच्या फुगीर भागावरची कातडी बधिर लागत असेल, तर तिथल्या मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. अशा वेळी ओढाओढ केली तर कायमचे नुकसान होते. शिवाय कोवळ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळतो, म्हणून बसवल्यानंतरचा व्यायाम सोडून चालत नाही.

विज्ञान शिक्षिका, खानापूर तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेन्सिलीचा प्रयोग आज वर्गात केला. सगळ्यांना अल्नाची धार सापडली आणि ती हलत नाही हे कळल्यावर वर्गात एकच कालवा झाला. एका मुलीने लगेच पुढचा प्रश्न काढला : तिच्या घरची माणसे ऊसतोडीला जातात आणि मोळी उचलून वळताना कंबर धरते. कंबर हा कोणत्या प्रकारचा सांधा आहे? आणि जे सांधे हलतच नाहीत त्यांना सांधे का म्हणायचे, हेही एकाने विचारले आहे.

शरीररचनाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

चर्चा उत्तम चालली आहे. बाईंच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो, आणि दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

दोन हाडे जिथे भेटतात तो सांधा. तो हलतो की नाही हा पुढचा प्रश्न. दोन हाडांच्या मध्ये काय आहे यावर त्यांची हालचाल ठरते. मध्ये केवळ घट्ट तंतू असतील तर हालचाल जवळजवळ शून्य, जशी कवटीच्या हाडांत किंवा जबड्याच्या खाचेत बसलेल्या दातात. मध्ये कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक थर, असेल तर थोडी हालचाल, जशी मणक्यांत. आणि मध्ये पोकळी असून तिच्यात वंगणासारखा द्रव असेल, तर मोकळी हालचाल. खांदा, कोपर, गुडघा हे सगळे या तिसऱ्या गटातले आहेत आणि बिजागरी, उखळ, खुंटी ही नावे या एकाच गटाच्या पोटविभागांची आहेत. घोट्याला आपण सरकता म्हणतो, पण पाऊल वर-खाली करणारा मुख्य सांधा खरे तर बिजागरीचा आहे. पाऊल आत-बाहेर कलते ते त्याच्या खालच्या सांध्यातून, म्हणजे इथेही हालचाल दिसते एका जागी आणि घडते दुसऱ्या जागी.

कवटीचे सांधे जन्मतः अचल नसतात, हे मुलांना अवश्य सांगावे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पुढे जी मऊ टाळू लागते, ती हाडे अजून न भेटल्याची जागा आहे. जन्माच्या वेळी ही हाडे एकमेकांवर किंचित सरकतात, म्हणून डोके मार्गातून बाहेर येऊ शकते. पुढे मेंदू वेगाने वाढत असताना कवटीलाही वाढायला जागा मिळते. मागची टाळू पहिल्या काही महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. घरात धाकटे भावंड असेल त्या मुलाने मोठ्यांच्या देखरेखीखाली अगदी हलक्या हाताने ती जागा पाहावी.

आता कंबर. कंबर हा एक सांधा नाही. पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते. अशा चकत्या एकूण २३ आहेत. प्रत्येक ठिकाणची हालचाल थोडी, पण सगळ्यांची मिळून पुष्कळ होते. दिवसभराच्या भाराने या चकत्यांतील पाणी थोडे पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर परत भरते, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण १ सेंटिमीटर किंवा थोडी अधिक भरते. भिंतीवर खूण करून हे शाळेतल्या मुलांना सहज मोजता येईल.

मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सरकते सांधेही असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागांची दिशा कण्याच्या प्रत्येक भागात वेगळी असते. छातीच्या भागात ती अशी आहे की मणके एकमेकांवर फिरू शकतात. कमरेच्या भागात ती पुढे-मागे वाकण्याला मोकळीक देते, पण फिरण्याला जवळजवळ अडवते; दोन मणक्यांत फार तर १-२ अंश. म्हणजे आपण "कमरेतून वळलो" असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात वळतात छातीचा कणा आणि खुबे. उसाची मोळी उचलणारा माणूस पाय जमिनीत रोवून, कमरेत वाकून, भार हातात असतानाच ट्रॉलीकडे वळतो, तेव्हा खुब्यांना फिरायला वाव राहत नाही आणि पीळ कमरेच्या चकत्यांवर येतो. वाकण्याबरोबर पिळणे हा चकतीसाठी सर्वांत वाईट योग आहे. त्या मुलीला सांगावे, की घरच्यांनी मोळी अंगाजवळ घेऊन गुडघ्यांत बसून उचलावी आणि वळताना पावले टाकत सगळे अंग वळवावे. हंगामाच्या घाईत प्रत्येक मोळीला हे जमेल असे मी म्हणणार नाही, तरी जितक्या वेळा जमेल तितका कंबरेवरचा भार कमी होतो.

मानेचेही असेच आहे. होकार देताना डोके पहिल्या मणक्यावर डुलते. नकार देताना पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या दातासारख्या सुळक्याभोवती फिरतो आणि मानेच्या एकूण फिरण्यापैकी साधारण निम्मे या एकाच जागी होते. मानेत खुंटीचा सांधा म्हणतात तो हा एवढाच. त्याखालची मान निराळ्या तऱ्हेने हलते.

आरोग्य कार्यकर्ती, निपाणी

सर्वांनी खांदे, गुडघे आणि कंबर यांविषयी लिहिले, पण अंगठा राहून गेला. आमच्या निपाणी भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन बसायचे, तेंदूच्या पानाचा कापलेला तुकडा डाव्या हातात धरायचा, त्यात तंबाखूची चिमूट पसरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी पान पुढे ढकलत गुंडाळायचे. मग टोक मुडपून दोरा बांधायचा. हे सगळे ज्या सांध्याच्या जोरावर चालते तो अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या अगदी लगत आहे. तो खोगीरी सांधा : दोन्ही हाडांचे पृष्ठभाग एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने फुगीर असून एकमेकांत बसतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे आणि आत-बाहेर जातोच, शिवाय वळून त्याचे पेर प्रत्येक बोटाच्या पेराला समोरासमोर भिडते. मुलांना अंगठा तळहाताला चिकटवून एका हाताने शर्टाचे बटण लावायला सांगावे, म्हणजे या सांध्याची किंमत लगेच कळेल.

चिमटीत अंगठ्याच्या टोकावर जेवढा जोर पडतो, त्याच्या कितीतरी पट जोर या मुळाच्या सांध्यावर येतो. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा सांधा झिजलेला आढळतो. डब्याचे झाकण फिरवताना किंवा पिळे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, आणि बहुतेक जणी तिला मनगटाचे दुखणे समजून वर्षभर अंगावर काढतात. अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि कामाच्या मध्ये विश्रांती यांनी सुरुवातीला चांगला फरक पडतो.

मला तज्ज्ञांना एक विचारायचे आहे. बायका काम संपल्यावर बोटे कडाकड मोडतात. त्याने सांधे झिजतात का?

शरीररचनाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

ताई, बोटे मोडल्याने संधिवात होतो असे दिसून आलेले नाही. अमेरिकेतील डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी सुमारे ६० वर्षे एकाच हाताची बोटे मोडली, दुसऱ्या हाताची मोडली नाहीत, आणि अखेरीस दोन्ही हातांत संधिवाताचा फरक आढळला नाही. २००९ साली त्यांना त्यासाठी इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे गमतीदार पारितोषिक, मिळाले. एका माणसावरून नियम काढता येत नाही, परंतु त्यानंतर झालेल्या पाहण्यांतही असा संबंध दिसलेला नाही. बोट ओढल्यावर सांध्यातील द्रवावरचा दाब एकदम उतरतो, त्यात विरघळलेला वायू बाहेर येऊन पोकळी तयार होते, आणि आवाज त्या घटनेशी निगडित आहे. वायू पुन्हा विरघळायला सुमारे २० मिनिटे लागतात, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही.

झिजेबाबत खरी काळजी दुसरीकडे घ्यावी लागते. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार आला की ती दाबली जाते, भार सुटला की सांध्यातील द्रव शोषून घेते, आणि तिचे पोषण याच मार्गाने होते. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलेल्या विडी कामगार बाईच्या गुडघ्याला आणि खुब्याला ही ये-जा मिळत नाही. तेव्हा तुमच्या भागातील बायकांना दर तासाला उठून अंगणात एक फेरी मारायला, दोन्ही गुडघे काही वेळा पूर्ण सरळ करायला आणि अंगठा तळहातापासून दूर पसरून सैल सोडायला सांगावे. ज्यांचा सांधा सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेला राहतो, दोन्ही हातांची बोटे सुजतात आणि गरम लागतात, त्यांचे दुखणे झिजेचे नसून आमवाताचे असू शकते. त्यांनी रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी, कारण त्यावरची औषधे पहिल्या काही महिन्यांत सुरू केली तर सांधे वाकडे होण्याचे बऱ्याच अंशी टळते.